धर्मशिक्षणाचा तास

मधल्या सुट्टीनंतरची घंटा झाली की आमच्या वर्गाचे दोन भाग होत. कॅथॉलिक मुले जागेवरच बसून राहत. त्यांचा धर्मशिक्षणाचा तास असे. उरलेली मुले दप्तर बाकावरच ठेवून, एक वही तेवढी हातात घेऊन शेजारच्या खोलीत जात. त्यांचा नीतिशिक्षणाचा तास असे. आम्ही दोघी एका बाकावर बसत असू. या घंटेला आमच्यातली एक उठे आणि दुसरी बसून राही. अर्ध्या तासाने पुन्हा घंटा होई, उठलेली परत येई आणि भूगोलाचे पुस्तक उघडले जाई. पहिलीपासून चौथीपर्यंत हे रोज घडत होते, आणि त्यात काही विशेष आहे असे आम्हांला कधी वाटले नव्हते.

हा लेख आम्ही दोघी मिळून लिहीत आहोत, म्हणून थोडा खुलासा करणे भाग आहे. आम्ही दोघीही वसईच्या. आमच्यातली एक कुपारी, म्हणजे सामवेदी ख्रिस्ती. दुसरी सामवेदी ब्राह्मण. घरची बोली दोघींची एकच, कादोडी. वसईवर पोर्तुगिजांचा अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत होता; त्या दोन शतकांत कधीतरी एका समाजाचे दोन समाज झाले. बोली, शेती, केळीच्या बागा आणि उन्हात वाळवलेली सुकेळी मात्र दोन्हीकडे तशीच राहिली. धर्मग्रामाने चालवलेली मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा दोघींच्याही घरांना जवळची होती, म्हणून आम्ही तिथे गेलो. पुढे दोघींनीही मराठीत एम. ए. केले आणि योगायोगाने एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात नोकरीला लागलो.

हे सारे आज आठवण्याचे कारण म्हणजे एका विद्यार्थ्याचा प्रश्न. एम. ए.च्या वर्गात फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ शिकवायचे होते. पहिले व्याख्यान संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, ‘‘मॅडम, हे पुस्तक श्रद्धेने वाचायचं की अभ्यासाने?’’ वर्गात थोडी कुजबुज झाली. प्रश्न खोडसाळ नव्हता. त्याला परीक्षेच्या दृष्टीने काय लिहायचे ते हवे होते. त्या दिवशी आम्ही त्याला ठरावीक उत्तर दिले: साहित्यकृती म्हणून वाचायचे. मग स्टाफरूममध्ये चहा घेताना आम्ही दोघीही गप्प होतो, कारण आम्हां दोघींनाही ती शेजारशेजारची दोन खोल्यांची शाळा आठवत होती.

त्या शाळेत आमच्याकडून नेमकी कशाची अपेक्षा होती? आज शिक्षकाच्या नजरेने पाहताना असे दिसते, की अपेक्षांचे दोन थर होते आणि ते एकमेकांत मिसळलेले होते. पहिला थर सर्वांसाठी होता. सकाळी प्रार्थनेला हात जोडून, डोळे मिटून उभे राहायचे. दुपारी बाराला चर्चची घंटा वाजली की हातातली पाटी खाली ठेवून पुन्हा उभे राहायचे. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. तेव्हा वर्गाच्या कोपऱ्यातल्या मारियामातेच्या तसबिरीपुढे पाळीपाळीने फुले आणायची, आणि फुलांच्या पाळीत धर्माचा भेद नसे. उपवासकाळात बाईंच्या टेबलावर पुठ्ठ्याचा एक डबा येई. खाऊचे पैसे वाचवून गरिबांसाठी त्यात टाकायचे. चर्चपुढून जाताना मोठ्याने बोलायचे नाही. दुसरा थर फक्त कॅथॉलिक मुलांसाठी होता. रविवारी मिस्साबलिदानाला गेलात की नाही याची सोमवारी हजेरी घेतली जाई. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी रांगेने पापनिवेदनाला जायचे असे. आणि प्रथम कम्युनियनच्या तयारीसाठी धर्मशिक्षणाचे पुस्तक तोंडपाठ असावे लागे.

ते पुस्तक प्रश्नोत्तरांचे होते. प्रश्न छापलेला, त्याखाली उत्तर छापलेले. सिस्टर प्रश्न विचारीत आणि वर्ग एका सुरात उत्तर देई. एखादा शब्द मागेपुढे झाला तर सिस्टर बोट वर करीत आणि सगळे उत्तर पुन्हा म्हणावे लागे. भिंतीपलीकडे नीतिशिक्षणाच्या खोलीत बोधकथा चाले. तिथेही कथेखाली ‘तात्पर्य’ छापलेले असे आणि बाई तेच लिहवून घेत. पद्धतीत म्हणजे फारसा फरक नव्हता. पातळ भिंतीमुळे इकडचे तिकडे ऐकू येई, आणि त्यामुळे आमच्यातल्या दुसरीचीही निम्मी उत्तरे पाठ झाली होती. गृहपाठाला बसलो की ती पहिलीची उजळणी घेई.

चौथीत असताना एके दिवशी धड्यात देव सर्वत्र आहे असे आले. उत्तर म्हणून झाल्यावर आमच्यातल्या पहिलीने हात वर केला आणि विचारले, ‘‘सिस्टर, मग देव शेजारच्या वर्गात पण आहे का?’’ मुले हसली. सिस्टर क्षणभर थांबल्या, म्हणाल्या, ‘‘आहे.’’ पुढे लगेच म्हणाल्या, ‘‘पण आता पुस्तकाकडे लक्ष दे.’’ मधल्या वेळात ही बातमी शेजारच्या वर्गात पोहोचली आणि तिथल्या मुलांनाही मोठी गंमत वाटली. सिस्टर चुकीचे काही बोलल्या नव्हत्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती शिक्षणाविषयीचे घोषणापत्र आणि ख्रिस्तेतर धर्मांशी असलेल्या संबंधांविषयीचे घोषणापत्र अशी दोन्ही एकाच दिवशी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, जाहीर केली होती. या दुसऱ्या घोषणापत्रात हिंदू धर्माचा नामोल्लेख आहे, आणि इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारीत नाही असे म्हटले आहे. सिस्टरांचे ‘आहे’ हे उत्तर त्या परंपरेतलेच होते. पण दोन घोषणापत्रे एका दिवशी निघाली तरी दोन वर्ग एका खोलीत बसवायचे कसे, हे एका प्राथमिक शाळेच्या सिस्टरांना कुणी सांगितले असण्याचा संभव कमीच.

कायद्याची बाजूही नमूद करायला हवी. घटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाचे तिसरे कलम सांगते, की शासनमान्य किंवा शासकीय अनुदान घेणाऱ्या शाळेत विद्यार्थ्याला, आणि तो अज्ञान असेल तर त्याच्या पालकाला, संमतीखेरीज धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येणार नाही. म्हणजे वर्गाचे दोन भाग होत ते या तरतुदीला धरूनच होते. त्यात अपमान नव्हता, उलट एक प्रकारची काळजीच होती. प्रश्न उरतो तो उपासनेचा. सकाळची प्रार्थना, बाराची घंटा, शाळेच्या सणाचे मिस्साबलिदान यांना सगळी मुले असत. त्यासाठी आमच्या पालकांकडून लेखी संमती घेतल्याचे आमच्यातल्या कुणाच्या घरी आठवत नाही. विचारले असते तर त्यांनी दिली असती. ‘‘देवाचंच नाव घेतात ना?’’ असे आजी म्हणे, आणि विषय संपे.

आता जे सांगायचे आहे, ते १९८८ सालच्या डिसेंबरातले. शाळेच्या आश्रयदात्या संताचा सण होता. सर्व वर्ग चर्चमध्ये बसले होते. पहिलीची प्रथम कम्युनियन त्याच वर्षी मे महिन्यात झाली होती. पांढऱ्या झग्यातला तिचा फोटो दुसरीने दहा वेळा पाहिला होता. कम्युनियनची रांग लागली. पहिलीने उठताना दुसरीचा हात धरला आणि म्हणाली, ‘‘चल.’’ दुसरी उठली. तिला यात काही अयोग्य वाटण्याचे कारण नव्हते. प्रसादाला नाही म्हणू नये, पाठ फिरवू नये, हे तिने घरी लहानपणापासून ऐकले होते. न घेणे हीच तिच्या घरच्या शिकवणीनुसार चूक ठरली असती. रांग पुढे सरकत फादरांपाशी आली, तेव्हा तिने तीर्थाला धरतात तसा उजव्या हाताचा खोलगट तळवा पुढे केला, खाली डावा हात लावून.

फादरांना त्या तळव्यावरूनच सगळे कळले असावे. त्यांनी भाकर परत पात्रात ठेवली, तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि मान किंचित हलवून पुढे जायची खूण केली. चर्चमध्ये कुणाच्या फारसे लक्षातही आले नाही. लक्षात आले ते वर्गशिक्षिकेच्या. वर्गात परतल्यावर त्यांनी दुसरीला उभे केले आणि विचारले, ‘‘तुला ठाऊक नाही का, ते तुमच्यासाठी नसतं?’’ मग पहिलीकडे वळून म्हणाल्या, ‘‘आणि तुला तर ठाऊक होतं.’’ त्याच दिवशी आमची जागा बदलली. एक खिडकीकडे गेली, दुसरी दारापाशी. त्यानंतर कित्येक आठवडे आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

त्या बाई दुष्ट नव्हत्या, हे आम्ही दोघीही आज मान्य करतो. कम्युनियन ही कॅथॉलिक श्रद्धेत प्रसादासारखी वाटून खायची वस्तू नाही. बाप्तिस्मा झालेल्या, तयारी केलेल्या व्यक्तीनेच ती घ्यायची असते. चौथीतल्या कॅथॉलिक मुलालाही ती तयारीवाचून मिळत नाही. तो नियम कुणाला कमी लेखण्यासाठी नाही, त्या संस्काराच्या गांभीर्यासाठी आहे. हे कुणीतरी आम्हांला दोन वाक्यांत समजावून सांगायला हवे होते. शाळेला आमच्याकडून आदर हवा होता आणि तो आम्ही देत होतो. पण कोणत्या ठिकाणी आदर पुरतो आणि कोणत्या ठिकाणाहून पुढे श्रद्धा लागते, ती रेघ आम्हांला कुणी दाखवली नव्हती. ती ओलांडल्यावर मात्र आमची जागा बदलली.

ही हकिगत आम्हां दोघींनाही अर्थातच ठाऊक होती. पुढे मोठेपणी आम्ही तिच्यावर हसलोही. परंतु तिचा एक भाग आमच्यातल्या एकीलाच ठाऊक होता. तो या लेखाची टिपणे काढताना, म्हणजे छत्तीस वर्षांहून अधिक काळाने, दुसरीला कळला.

जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी नेहमीप्रमाणे पापनिवेदन होते. त्या दिवशी बाहेरगावचे एक वयस्क फादर आले होते. पहिलीने जाळीपलीकडे गुडघे टेकून नेहमीची पापे सांगितली: आईला उलट बोलले, भावाला मारले, प्रार्थना चुकवली. मग म्हणाली, ‘‘मी मैत्रिणीला कम्युनियनच्या रांगेत नेलं.’’ (तिच्याच घरी सत्यनारायणाचा शिरा दोनदा मागून खाल्ल्याचे मात्र तिने सांगितले नाही, त्यात सांगण्यासारखे काही आहे असे तिला वाटलेच नव्हते.) फादर जरा वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी विचारले, ‘‘मैत्रिणीला वाईट वाटलं का?’’ ती हो म्हणाली. ‘‘मग तीन वेळा नमो मारिया म्हण,’’ फादर म्हणाले, ‘‘आणि तिच्याशी जाऊन बोल.’’

तिने बाकावर येऊन तीनदा नमो मारिया म्हटले. मैत्रिणीशी ती बोलली नाही. जागा बाईंनी बदललेली, बोलले तर पुन्हा काही होईल ही भीती. पुढे मे महिन्याची सुट्टी आली, पाचवीत नवी शाळा आली, आमचे बोलणे आपोआप पुन्हा सुरू झाले. पण ते प्रायश्चित्त म्हणून झालेले बोलणे नव्हते. तिच्या मनात इतकी वर्षे राहून गेले होते, की सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी पाठ असलेली तेवढी तिने केली. दुसरीने हे सारे ऐकून घेतले आणि तिने पहिल्यांदा विचारले ते असे: ‘‘म्हणजे मी तुझं पाप होते?’’ ती हसत म्हणाली, तरी ते हसणे पुरते हसणे नव्हते. पहिली म्हणाली, ‘‘तेव्हा मला तसंच वाटलं. फादरांना तसं वाटलं नव्हतं.’’ त्या दिवशी आम्ही लेखाचे काम पुढे केले नाही.

पुष्कळ विचार केल्यावर आम्हांला असे वाटते, की त्या वयस्क फादरांनी एका नऊ वर्षांच्या मुलीकडून जी अपेक्षा केली ती वर्गातल्या सगळ्या अपेक्षांहून अवघड होती, आणि ती धर्माच्या आतूनच आलेली होती. शाळेतला धर्म म्हणजे केवळ शिस्त आणि पाठांतर, असा निष्कर्ष काढण्याचा मोह आम्हांला झाला होता. पण जाळीपलीकडचा तो प्रश्न आमच्या आठवणीत राहिला, आणि तो निष्कर्ष सोडून द्यावा लागला. मात्र त्या प्रश्नाला वर्गात जागा नव्हती, हेही खरे आहे. वर्गात हजेरी घेता येते, उत्तर शब्दशः आले की नाही ते पाहता येते. मैत्रिणीशी बोललीस का, हे कोणत्या रकान्यात लिहिणार?

आम्ही दुसरीत होतो त्या वर्षी, १९८६च्या ऑगस्टमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या तीन शाळकरी भावंडांच्या बाजूने निकाल दिला होता. ती मुले यहोवाचे साक्षीदार या पंथाची होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण श्रद्धेच्या कारणाने गात नसत. म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. न्यायालयाने ठरवले, की आदराने उभे राहणे पुरेसे आहे, गाण्याची सक्ती करता येणार नाही. आम्ही हा निकाल कितीतरी वर्षांनी वाचला. आम्हांला हवी होती ती रेघ तिथे आखलेली होती. उभे राहण्याची अपेक्षा शाळा करू शकते; ओठ हलवण्याची नाही. अलीकडे, एप्रिल २०२४ मध्ये, भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या. अन्य धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, रोजच्या परिपाठात घटनेची उद्देशिका म्हणावी, शक्य तिथे सर्वधर्मीयांसाठी प्रार्थनागृह असावे, असे त्यांत आहे. सूचनांमागे आजच्या वातावरणाचा दबाव आहे, हे उघड आहे. तरीही त्या वाचताना आमच्यातल्या दुसरीला आनंद झाला आणि पहिलीला आनंदाबरोबर थोडी हुरहुरही वाटली. बाराच्या घंटेला सगळा वर्ग एकदम उभा राही, त्या शांततेचे काय होणार, असे ती म्हणाली. दुसरीला ती शांतता तिच्याइतकीच आठवत होती.

आणि त्या शाळेने आम्हांला मराठी दिली, हे कसे विसरावे? व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषेत आली, म्हणून आमच्या कानांवर लॅटिन न पडता मराठी पडली. घरी कादोडी बोलणाऱ्या आम्हां दोघींना प्रमाण मराठीचा डौल प्रथम भेटला तो बायबलमधल्या उताऱ्यांच्या प्रकट वाचनात. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादेमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये ते उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आमच्या गावात दोन्ही समाजांच्या घरी आनंद झाला. तो आमच्या दोन्ही खोल्यांतल्या मराठीचा मान होता.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ. बहुतेक विद्यार्थ्यांना त्यातल्या मराठीच्या थोरवीच्या ओव्या तेवढ्या ठाऊक असतात, कारण त्या पाठ्यपुस्तकांत येतात. ग्रंथाच्या आरंभीचा प्रसंग मात्र क्वचितच कुणी वाचलेला असतो. साष्टीतल्या चर्चमध्ये रविवारी ख्रिस्ती सिद्धांताची शिकवण चाललेली आहे. मुले पाठ म्हणत आहेत. श्रोत्यांतला एक ब्राह्मण पाद्रीगुरूला म्हणतो, की ही शिकवण चांगली आहे, पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे पुराण का देत नाही? त्या मागणीतून पुढचे सारे पुराण सुरू होते. स्टीफन्सने प्रश्नोत्तररूप ‘दौत्रिन क्रिस्तां’ही कोकणीत रचली, ती त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापली गेली. तिच्यात प्रश्नही ग्रंथाचे आणि उत्तरेही ग्रंथाची. पुराणाला मात्र ऐकणाऱ्याच्या प्रश्नाने सुरुवात होते. त्या प्रश्नात विनंती आहे आणि तक्रारही आहे: आमचे काढून घेतलेत, त्याचे काय? सक्तीच्या काळात पाद्र्याने आपल्याच ग्रंथात ती तक्रार राहू दिली, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

पुढच्या व्याख्यानाला आम्ही दोघी एकत्र गेलो. विभागाच्या वेळापत्रकात असे बसत नाही, तरी गेलो. तो आरंभीचा प्रसंग वाचला आणि त्या मुलाला म्हटले, की मागच्या वेळी दिलेले उत्तर आम्ही परत घेत आहोत. आमच्यातली एक हा ग्रंथ आपल्या श्रद्धेची कथा म्हणून वाचते, दुसरी तशी वाचू शकत नाही. दुसरीला त्या ब्राह्मणाची तक्रार आधी ऐकू येते, पहिलीला पाद्रीगुरूचे उत्तर. दोघींनाही ओवी सारखीच आवडते. तुम्ही कुठे उभे आहात ते सांगून लिहा. गुण त्यावर कापले जाणार नाहीत. मुलगा जरा गोंधळला. त्याने विचारले, ‘‘म्हणजे दोन्ही उत्तरं चालतील?’’ मागून एक मुलगी म्हणाली, ‘‘अरे, तिसरंही चालेल.’’ वर्ग हसला.

तास संपल्यावर आम्ही दोघी जिन्यावरून उतरत होतो. पहिली म्हणाली, ‘‘त्या बाईंनी जागा बदलली नसती तर मी बोलले असते.’’ दुसरी म्हणाली, ‘‘नसतीस बोललीस. नऊ वर्षांची होतीस.’’ आणि मग स्टाफरूममध्ये पोहोचेपर्यंत आम्ही दुसऱ्या दिवशीच्या चाचणीविषयी बोललो.